घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी : गावकामातला लाभ आणि मनस्ताप

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर मी दर खेपेस लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्यातील पाचट अशा विषयांवर लिहितो. या वेळचा विषय वरवर पाहता शेतीचा नाही. पण त्याचा संबंध तुमच्या एकरी टनाशी आहे, हे लेख संपेपर्यंत ध्यानात येईल.

गेल्या महिन्यात नदीकाठच्या एका गटात निचऱ्याविषयी सभा होती. चर किती खोल असावा, त्याला उतार किती द्यावा, दोन चरांत अंतर किती ठेवावे, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगत होतो. मागच्या रांगेतले एक वयस्क सभासद उठले आणि म्हणाले, "सायब, चर मी उद्या काढतो. पण चराचं पाणी सोडू कुठं? ओढाच तुंबलाय." सभेत हशा झाला. मी म्हणालो, "मग ओढा काढू या की, आबा. सगळे मिळून काढू." त्यावर ते खाली बसता बसता बोलले, "एकदा काढला हुता. काढणाऱ्यानं शिव्या खाल्ल्या. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजायच्या, आन् वर करपल्या म्हणून बोलणं ऐकायचं."

या वेळी कोणी हसले नाही. आबांचे बोलणे खरे होते आणि सभेतल्या बहुतेकांना त्याचा अनुभव होता. माझ्याजवळ चराच्या आकृतीचे उत्तर होते, या प्रश्नाचे नव्हते. ते देण्याचा प्रयत्न या लेखात करतो.

ओढा कोणाच्या सातबाऱ्यावर?

आधी तांत्रिक बाजू थोडक्यात पाहू. काळ्या, खोल जमिनीत वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिले की जमिनीतील पाण्याची पातळी वर येते. ती मुळांच्या जवळ आली की पाणी मातीच्या सूक्ष्म नळ्यांतून वर चढते. पाण्याची वाफ होते आणि त्यातले क्षार वर राहतात. उन्हाळ्यात रानावर दिसणारा पांढरा थर तो हाच. माती परीक्षणात विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त समजतात. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण समजतात. उसाचे नुकसान मात्र या हद्दीला पोचण्यापूर्वीच सुरू होते. कांडी कुजते, फुटवा कमी येतो आणि पाने कडेने करपतात.

यावर इलाज आहेत. पाणी बेताने द्यावे, ठिबक करावे, ताग-धैंचा गाडावा, चोपण जमिनीत परीक्षणाप्रमाणे जिप्सम टाकावे आणि चर काढावेत किंवा सच्छिद्र पाइप घालावेत. पण या सर्व इलाजांत एक अट आहे. रानातून निघालेले क्षारांचे पाणी पुढे वाहून गेले पाहिजे. लाख रुपयांचे पाइप घातले आणि त्यांचे तोंड तुंबलेल्या ओढ्यात उघडले, तर ते पाणी पुन्हा तुमच्याच रानात मुरणार.

आणि ओढा कोणाचा? तुमचे रान तुमच्या सातबाऱ्यावर, शेजाऱ्याचे शेजाऱ्याच्या. ओढा कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही. तो सगळ्यांचा, म्हणून कोणाचाच नाही. त्यात बेशरम माजते, पाणकणीस उभे राहते, मोरीत गाळ बसतो. दोन्ही काठांची रानेही दरवर्षी हातभर पुढे सरकतात. सरकारी खात्याकडे अर्ज करावा, तो पाठपुरावा सोडू नये. पण अर्ज मंजूर होईतो पावसाळा थांबत नाही. तेव्हा गावानेच हात लावायचा, हा मार्ग उरतो. येथून खरी अडचण सुरू होते, कारण हात लावणार कोण?

सावड वेगळी, श्रमदान वेगळे

आपल्या भागात एकमेकांच्या कामाला जाण्याची रीत जुनी आहे. कोणी तिला सावड म्हणतो, कोणी पैरा. इर्जिक घातली की शेजारचे बैल आणि माणसे एका दिवसात रान नांगरून देत आणि रानमालक जेवण घाली. या रीतीत कोठेही लिखापढी नव्हती, तरी ती टिकली. कारण हिशेब सरळ होता. आज मी तुझ्या रानात आलो, उद्या तू माझ्या रानात येशील. नाही आलास तर तुझे पुढचे काम अडेल.

श्रमदानात तसे नसते. मी ओढ्यातली बेशरम उपटतो, तेव्हा माझे श्रम कोणाकडून परत येणार, हे ठरलेले नसते. ओढा मोकळा झाला की खोरे घेऊन आलेल्याचे पाणी उतरते आणि घरी झोपलेल्याचेही उतरते. म्हणून "गाव करी ते राव न करी" ही म्हण खरी असली तरी गाव आपोआप काही करीत नाही. गावातली पाच माणसे करतात, पंधरा माणसे सांगितले तर करतात, आणि बाकीची पाहतात. हा माणसांचा दुष्टपणा नव्हे. ज्या कामाचा वाटा आणि वाटेकरी ठरलेला नाही, त्या कामाचा हा स्वभावच आहे. हे आधी समजले तर पुढचा निम्मा मनस्ताप वाचतो.

एका ओढ्याची हकिगत

काही वर्षांपूर्वी आपल्याच कार्यक्षेत्रातील एका गावात ओढा काढण्याचे ठरले. गावाचे नाव लिहीत नाही. अशी गावे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला ती आपलीच हकिगत वाटेल. ओढा सुमारे दीड किलोमीटर. पहिल्या रविवारी साठाच्या वर माणसे आली. नारळ फुटला, भाषणे झाली, फोटो निघाले. मी स्वतः तासभर खोरे चालवले आणि हाताला फोड आणून आनंदाने घरी गेलो.

दुसऱ्या रविवारी तीसएक माणसे होती. तिसऱ्या रविवारी चौदा. चौथ्या रविवारी मी मोजली, नऊ. त्यांत दोघे साठीच्या पुढचे होते.

मोरीजवळचा गाळ माणसांना निघेना म्हणून जेसीबी आणायचे ठरले. एकरी काही रुपये वर्गणी गोळा करायची होती. एका शिकलेल्या तरुण सभासदाने वही धरली. पोरगा चोख होता. डिझेलची पावती, भाड्याची पावती, चहाची पावती सुद्धा तो चिकटवून ठेवी. महिनाभर त्याने आपले रान सोडून हेच काम केले. त्याच्या आडसालीची बाळबांधणी आठ-दहा दिवस मागे पडली, हे मी पाहिले आहे.

आणि मग हॉटेलात बोलणे सुरू झाले. "डिझेलातनं नवा मोबाइल निघाला म्हणं." कोणी म्हटले, कोणास ठाऊक. पण आठवडाभरात ते गावभर झाले. ज्यांनी वर्गणी दिली नव्हती तेच हिशेब मागू लागले. तो तरुण गटाच्या ऑफिसात आला, वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, बघा. शेवटी माझेच साडेअकराशे जास्त गेलेत." मी पावती न् पावती पाहिली. हिशेब बरोबर होता. मी त्याला म्हणालो, "लोक बोलतातच. तू मनावर घेऊ नकोस."

एवढेच म्हणालो आणि येथे माझी चूक झाली. गावच्या भानगडीत कारखान्याच्या नोकराने पडू नये, असे मी स्वतःला समजावले. दुसऱ्या दिवशी चावडीवर उभे राहून "वही मी तपासली, हिशेब बरोबर आहे" हे एक वाक्य बोललो असतो तर माझे काय जाणार होते? मी बोललो नाही. त्याने वही ठेवून दिली ती ठेवलीच. काम मोरीपाशी अडले. त्या पावसाळ्यात वरच्या अंगाचे पाणी जोरात खाली आले आणि मोरीला तुंबून आधी नव्हते अशा रानांतही शिरले. अर्धवट काढलेला ओढा न काढलेल्यापेक्षा वाईट ठरला.

मनस्ताप येतो कोठून?

त्या हकिगतीवरून आणि नंतर पाहिलेल्या कामांवरून मला पाच ठिकाणे दिसतात.

पहिले ठिकाण आरंभाचा उत्साह. नारळ फोडायला साठ माणसे येतात, त्यांना पाहून आपण काम मोठे धरतो. पण काम धरावे ते नऊ माणसांच्या हिशेबाने. साठांच्या भरवशावर धरलेले काम नवांच्या अंगावर पडते आणि ते नऊ जण पुन्हा कधी येत नाहीत.

दुसरे ठिकाण पैसा. श्रमाचा हिशेब कोणी मागत नाही, पण दहा रुपये गोळा झाले की दहा तोंडे बोलतात. यात वाईट वाटण्यासारखे असले तरी नवल नाही. सार्वजनिक पैशाचे वाईट अनुभव लोकांनी घेतलेले असतात, आणि जुन्या अनुभवाचा राग नव्या माणसावर निघतो. एकाच्या हातातली बंद वही कितीही चोख असली तरी लोकांच्या लेखी ती बंदच असते.

तिसरे ठिकाण श्रेय. काम होईतो कोणी विचारीत नाही. झाले की कोणाचे नाव आधी, फलकावर कोणाचा फोटो, यावरून रुसवे-फुगवे होतात. निवडणूक जवळ असेल तर ओढ्याच्या एका काठाला एक पार्टी आणि दुसऱ्या काठाला दुसरी.

चौथे ठिकाण घर. बाहेर गावकाम करणाऱ्याची भांगलण, पाणीपाळी, धार घरातले कोणीतरी करीतच असते. बहुधा बायको आणि म्हातारी आई. त्यांच्या श्रमाचे नाव कोणी घेत नाही. "गावाचं बघा, घराचं जाऊ द्या" हा टोमणा ऐकून आपण चिडतो. पण तो टोमणा म्हणजे त्यांनी दिलेले बिलच असते.

पाचवे ठिकाण सर्वांत नाजूक आहे. त्या पहिल्या वर्षी एका भूमिहीन मजुराला कोणीतरी दटावले, "तू का रं येत न्हाईस?" तो शांतपणे म्हणाला, "माझं रान कुठाय त्यात?" मला ते बोलणे लागले. ज्याला ओढ्याचा लाभ नाही, ज्याचे पोट त्या दिवसाच्या मजुरीवर आहे, त्याच्याकडून फुकट काम घेणे हे श्रमदान नव्हे, ती वेठ झाली. जुन्या काळी गावकामाच्या नावाखाली ज्यांना वेठीला धरले, त्यांच्या घरात ती आठवण अजून आहे. दान द्यायचे ते ज्याच्याजवळ आहे त्याने द्यायचे.

ज्यांचे टिकले त्यांनी काय केले?

असे प्रश्न काही आपल्यालाच पडलेले नाहीत. धुळे आणि नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत काही शतके चालत आली. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या रानाचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी वाटायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या अशी माणसे नेमलेली. त्यांना शेतकरी आपल्या पिकातून मोबदला देत. आणि दरवर्षी पाटाची साफसफाई-दुरुस्ती पाणी घेणाऱ्यांनीच करायची. रोजचे, कंटाळवाणे काम त्यांनी फुकट करवून घेतले नाही, त्याला माणूस नेमला. वर्षातून एकदाचे मोठे काम मात्र सर्वांनी मिळून केले. जे रोज करावे लागते ते सेवाभावावर सोडले की सेवा करणारा मोडतो, हे त्या शेतकऱ्यांना पुस्तकावाचून कळले होते.

अलीकडचे उदाहरण पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचे. ती २०१६ ते २०१९ अशी चार वर्षे झाली. पहिल्या वर्षी फक्त तीन तालुके होते, आणि त्यांपैकी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातले वेळू हे गाव पहिले आले. स्पर्धेवर टीकाही झाली, ती येथे बाजूला ठेवू. आपल्याला घेण्यासारख्या गोष्टी अशा : कामाला दिवसांची मर्यादा होती, काम मोजले जात होते, आणि गावातल्या काही माणसांना, बायकांनाही, आधी शिकवून तयार केले होते. "यायचे तेव्हा या, होईल तेवढे करा" असे आमंत्रण कोणी दिले नव्हते.

तिसरे उदाहरण आपल्याच घरातले. प्रवरानगरचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्याआधी पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील भाग-भांडवलासाठी गावोगाव हिंडले आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले. शेतकऱ्याने कारखाना काढायचा ही कल्पना त्या वेळी अनेकांना वेडेपणाची वाटली. आपल्या कारखान्याच्या उभारणीतही वडीलधाऱ्यांनी भाकरी बांधून गावोगाव शेअर गोळा केले, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. त्यांना कोणी रोजंदारी दिली नव्हती. आज आपण उसाचे बिल घेतो, त्यात त्या पायपिटीचा वाटा आहे, आणि तो फेडायला ती माणसे आता नाहीत. गावकामाची परतफेड अशी असते. ती मागे जात नाही, पुढच्याला द्यावी लागते.

दुसऱ्या वर्षी काय बदलले?

त्या ओढ्याच्या गावात पुढच्या पौष-माघात खालच्या अंगाचे शेतकरी आपणहून माझ्याकडे आले. दोन वर्षे लागण कुजली होती. बैठक ठरली. सुरुवातीला मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मागच्या वर्षीची वही मी तपासली होती. एका पैशाचा फरक नव्हता. उलट ज्याने वही धरली त्याचेच पैसे गुंतले. हे मी तेव्हाच सांगायला हवे होते, सांगितले नाही, ही माझी चूक." तो तरुण मागे भिंतीला टेकून बसला होता. काही बोलला नाही. पण बैठक संपण्यापूर्वी त्याचे साडेअकराशे रुपये चौघांनी वर्गणी काढून त्याच्यापुढे ठेवले. ते त्याने परत निधीत टाकले.

नंतर ओढा मोजून त्याचे तुकडे पाडले आणि फक्की टाकून खुणा केल्या. काठाला ज्याचे जेवढे रान, तेवढा तुकडा त्याचा. ज्यांची राने काठाला नाहीत पण पाणी त्याच ओढ्यात उतरते, अशांचे गट केले आणि वळणाचे, मोरीजवळचे तुकडे त्यांना दिले. म्हणजे श्रमदानाला पुन्हा सावडीसारखा वाटा आला. आपला तुकडा राहिला तर कोणाचा राहिला, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू लागले. गैरहजरांची नावे वाचायची नाहीत, असे मात्र मुद्दाम ठरवले. दिसते ते पुरे.

पाच रविवार, सकाळी सात ते दहा, एवढीच मुदत ठेवली. म्हातारे, आजारी, नोकरीनिमित्त बाहेर असलेले यांनी एका माणसाची मजुरी निधीत भरायची किंवा चहा-नाश्ता पोचवायचा. मजूर लावायचा तर त्याला पूर्ण मजुरी. जेसीबी फक्त दोन मोऱ्यांपुरता. हिशेब दोघांनी ठेवायचा, तो सुद्धा दोन वेगळ्या पार्ट्यांच्या दोघांनी, आणि दर सोमवारी दूध डेअरीच्या फलकावर खडूने लिहायचा. पैशाची पेटी एका भगिनीकडे दिली. पहिल्या वर्षी बायका पाट्या उचलायला होत्या आणि बैठकीला नव्हत्या. दुसऱ्या वर्षी समितीत दोघी होत्या, आणि कोण किती वाजता आला, कोण खोऱ्यावर नुसता टेकून उभा राहिला, याचा खरा हिशेब त्यांच्याच जवळ निघाला.

माणसे साठ आली नाहीत. बहुतेक रविवारी वीस-बावीस असत. पण पाचव्या रविवारी काम संपले. संपले म्हणजे खरेच संपले, आणि लोकांनी ते संपलेले पाहिले. तो तरुण वही धरायला पुन्हा तयार झाला नाही, आणि आम्हीही गळ घातली नाही. तिसऱ्या रविवारी मात्र तो खोरे घेऊन आपल्या तुकड्यावर आला. तो झाल्यावर शेजारच्या विधवा बाईंचा तुकडाही त्याने ओढून काढला.

लाभ कोणता?

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन माणसे मोरीवर जमली. पाणी अडते की जाते ते पाहायचे होते. पाणी गेले. एवढाच प्रसंग. पण त्या रात्री जी माणसे तेथे उभी होती, त्यांचे चेहरे पाहिले असते तर "मिळाले काय?" हा प्रश्न कोणी विचारला नसता.

खोटी आशा दाखवीत नाही. ओढा निघाला म्हणजे जमीन सुधारली असे नव्हे. रानातले चर, धैंचा, परीक्षणाप्रमाणे जिप्सम आणि बेताचे पाणी, हे ज्याचे त्याने दोन-तीन वर्षे चिकाटीने करावे लागते. ज्यांनी केले त्यांच्या रानात उगवण सुधारली. ज्यांनी केले नाही त्यांचा पांढरा थर आहे तेथेच आहे. ओढ्याने फक्त दार उघडले.

दुसरा लाभ असा की, बांधावरून वर्षानुवर्षे न बोलणारी दोन घरे एका तुकड्यावर राबली. त्यांचा वाद मिटला नाही, पण बोलणे सुरू झाले. पुढे पाणीपाळीची, तोडणीच्या वेळी गाडीवाटेची अडचण आली तेव्हा ते बोलणे उपयोगी पडले.

तिसरा लाभ करणाऱ्याचा स्वतःचा. तो रुपयांत सांगता येत नाही. आपले गाव आपल्या हाताने थोडे हलते, हे एकदा अनुभवले की माणूस सगळ्याच गोष्टींसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसत नाही. संत गाडगेबाबा गावात आले की कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडीत. त्यांना वाट पाहायची नसे, आणि आभारही नको असत. आपण साधी माणसे, आपल्याला आभाराचा एक शब्द लागतो. तो लागतो म्हणून लाजू नये, आणि दुसऱ्याला देताना कंजुषी करू नये.

आणि जो आला नाही त्याच्या रानातलेही पाणी उतरले, त्याचे काय? हा प्रश्न दरवेळी निघतो. मला वाटते, त्याचा हिशेब मनात फार दिवस ठेवू नये. त्याचे रान वरच्या अंगाला असेल तर त्याचे तुंबलेले पाणी खाली तुमच्याकडेच येणार होते. त्याचा फायदा झाला तो काही तुमच्या ताटातला नव्हे. पुढच्या वर्षी त्याच्या नावाचा तुकडा पाडून ठेवावा. कधीतरी येईल.

या उन्हाळ्यासाठी विनंती

ओढा एकदा काढून भागत नाही. बेशरमेचे एक कांडे राहिले तरी ती पुन्हा फुटते, म्हणून हे काम दरवर्षी मेच्या आत थोडे थोडे करावे लागते. ज्या गावांना करायचे असेल त्यांनी पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात.

१) काम नऊ माणसांना पेलेल एवढेच धरावे. सगळा ओढा नको. खालच्या तोंडाकडून सुरुवात करून वर यावे. वरून सुरुवात केली की पाणी मध्येच तुंबते.

२) तुकडे पाडून वाटून द्यावेत. मुदत आधी सांगावी आणि मुदतीला थांबावे.

३) हिशेब दोघांकडे, आठवड्याला फलकावर. ज्याने हिशेब तपासला त्याने तसे चारचौघांत सांगावे. गप्प बसू नये. हे मी स्वतःच्या अनुभवाने लिहितो.

४) मजुराला मजुरी द्यावी. दान जमीनवाल्याने करावे.

५) दरवर्षी समितीतील निम्मी माणसे बदलावीत. दमलेल्या माणसाला मानाने मोकळे करावे. तो आळशी झाला असे म्हणू नये.

६) अतिक्रमण काढणे, मोरी मोठी करणे, पूल, भराव ही श्रमदानाची कामे नव्हेत. त्यासाठी ग्रामपंचायत व संबंधित खाते यांच्याकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. आपल्या श्रमदानामुळे त्यांची जबाबदारी संपत नाही.

ओढ्याची पातळी मोजून देणे, तुकडे आखून देणे, काठच्या रानांतील मातीचे नमुने घेणे यासाठी आपापल्या गट ऑफिसात नाव नोंदवावे. शेतकी खात्याचा माणूस येईल.

सभेत बोललेल्या आबांना माझे उत्तर एवढेच आहे. आबा, लष्कराच्या भाकरी भाजताना एखादी करपणारच आणि बोलणाराही भेटणारच. पण या वेळी तवा एकट्याच्या हातात द्यायचा नाही. आणि बोलणाऱ्याला उत्तर द्यायला मी हजर राहीन. येत्या महिन्यात तुमच्या ओढ्याची मापे घ्यायला येतो. पहिला दगड तुमच्या रानाच्या कोपऱ्यावर लावू.